जरासो घेता

इब्रामपूरच्या शिवदास गावसांनी उभ्या आयुष्यात काजूची दारू गाळली, पण स्वतः कधी थेंब चाखला नाही. हंगामात डोंगरावरचे बोंडू, काजूची ती रसाळ फळं, दारूच्या भाटीवर यायचे, पायांखाली तुडवले जायचे, रस आंबायचा, आणि पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक उतरला की आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं चव बघायला हजर व्हायची. दारू कशी उतरली आहे हे शिवदास नुसत्या वासावरून सांगत. "सगळ्यांक पाजता आणि आपूण कोरडो," असं लोक हसून म्हणत. त्या हसण्यात मान असे. देवळातल्या बैठकीत त्यांच्या शब्दाला वजन होतं ते त्यामुळेच, असं निदान त्यांना वाटत असे.

त्यांना दोन मुलं. थोरला गौरेश म्हापशाच्या कॉलेजात शिकत होता आणि धाकटी सुविधा पेडण्याला बारावीत होती. गौरेश बोलण्यात हुशार. शाळेपासून भाषणाची बक्षिसं आणायचा आणि त्याची आई चंद्रावती ती पुसून पुसून कपाटात मांडून ठेवायची. गेली दोन वर्षं त्याला एक विचित्र खोड लागली होती. फार हसू आलं की तो गुडघ्यांत मोडायचा आणि खाली बसायचा. मिनिटभरात उठून परत गप्पा मारायचा. घरच्यांना ती त्याची मस्करी वाटे. चंद्रावती म्हणायची, "नाटकां करता मेलो."

१९८६ साल सरत आलं होतं. राजभाषा कोकणी की मराठी यावरून सगळा गोवा तापला होता आणि पेडण्यात मराठीच्या सभांवर सभा होत होत्या. अशाच एका सभेत विद्यार्थ्यांच्या वतीनं गौरेशनं बोलायचं ठरलं. शिवदास सुविधाला घेऊन लवकर गेले आणि पुढेच बसले. ओळखीच्यांना त्यांनी आपणहून सांगितलं, "आमचो झिल बोलतलो आज."

गौरेशची सुरुवात चांगली झाली. मग त्याची जीभ जड झाली. शब्द एकमेकांत अडकू लागले. 'राजभाषा' हा शब्द तर तोंडातून असा लोळागोळा होऊन बाहेर पडला की पुढच्या रांगेतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तो थांबला, माइकच्या दांड्याला धरून उभा राहिला, परत सुरुवात केली, परत तेच. मागून कुणीतरी ओरडलं, "बापायच्या भाटीवरसून थेट आयलो रे!"

सगळा मांडव हसला. गौरेशलाही हसू आलं. आणि हसता हसता त्याचे गुडघे गेले आणि तो मंचावर खाली बसला.

दोघा कार्यकर्त्यांनी त्याला काखेत धरून बाजूला नेलं. सुविधा धावत मंचामागे गेली. शिवदास मात्र आपल्या चपलांकडे बघत बसून राहिले. शेजारच्या माणसानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांना तो हात झटकून टाकावासा वाटला.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला समोर उभं केलं. "तोंड उगड."

गौरेशनं तोंड उघडलं. शिवदासांनी वास घेतला. पानाचा नाही, विडीचा नाही, दारूचा तर नाहीच. ज्या नाकावर त्यांचा धंदा चालत होता ते नाक त्यांना स्वच्छ सांगत होतं की या पोरानं काही घेतलेलं नाही. पण मांडवभर माणसांनी पाहिलं होतं, आणि शिवदासांनी स्वतःच्या नाकापेक्षा मांडवाचं खरं मानलं.

"बाबा, मी पिऊक नाय."

"मगे जीभ कित्याक वळना नाय?"

"माका कळणा नाय. खरंच कळणा नाय."

शिवदासांनी त्याच्या थोबाडीत मारली. वीस वर्षांच्या मुलाला मारण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. गौरेशचा तोल जाऊन तो दारावर आदळला, आणि तो तोल जाणंही शिवदासांना पुरावाच वाटला.

त्यानंतर सगळंच घसरत गेलं. गौरेश परीक्षेत नापास झाला. त्याचं अक्षर त्याचं त्यालाच वाचता येत नव्हतं. तो कॉलेज सोडून घरी आला. डोंगर चढताना तो बरा चढे, उतरताना मात्र पाय कुठे ठेवायचा ते त्याला दिसत नसल्यासारखं करी आणि हमखास पडे. पाण्याचा तांब्या हातातून सांडे. रस्त्यानं जाताना वाडीतली पोरं त्याच्यामागून झोकांड्या देत चालत. शिवदासांनी भाटीला कुलूप घातलं. गावाला कोड्याचं उत्तर मिळालं: बापानं कुलूप घातलं म्हणजे पोरगा चोरून पीत होताच.

काजूचा हंगाम सुरू व्हायच्या सुमारास शिवदासांनी ठरवलं की हे एकदाचं संपवायचं. गौरेशनं ग्रामदेवतेसमोर, चार माणसांच्या साक्षीनं शपथ घ्यावी. गौरेश लगेच कबूल झाला, नव्हे, त्याला आनंद झाला. देवीसमोर बोललेलं खोटं कोण म्हणेल, असं त्याला वाटलं. सकाळी आंघोळ करून, धुतलेला पंचा नेसून तो बापाच्या मागोमाग देवळात गेला. सभामंडपात पुरुष बसले होते, एका बाजूला बायका, त्यांत सुविधाही होती. त्याच्या हातात नारळ दिला.

"देवी माते," तो शब्द जोडत जोडत म्हणू लागला, "मी आजपतूर दारूक..."

एवढं म्हणायलाच त्याला वेळ लागला. भिकाजी नावाचा एक शेजारी होता, शिवदासांच्याच वयाचा, तोंडाचा सैल. तो हळूच म्हणाला, "बेगीन बोल रे बाबू, नायतर चढलेली मदीच उतरात."

माणसं खुदकन हसली. गौरेशनं ओठ दाबून धरले. पण हसू त्याच्या पोटातून वर आलं आणि तो उभ्याचा खाली कोसळला. नारळ हातातून सुटून बायकांच्या दिशेनं गडगडत गेला.

मग कुणीतरी म्हणालं, "देवीन दाखयलां."

गौरेश फरशीवर पडून होता. त्याचे डोळे उघडे होते, त्याला सगळं ऐकू येत होतं, फक्त अंगात उठायचं बळ नव्हतं. त्यानं बापाकडे पाहिलं. शिवदासांनी उपरणं खांद्यावर घेतलं, पायऱ्या उतरले आणि मागे न बघता घरी चालते झाले. मुलाला सुविधानं उठवलं. तिच्या खांद्यावर हात टाकून तो घरी आला.

ओसरीवर बसलेल्या बापासमोर सुविधा उभी राहिली. "बाबा, तो हसलो म्हणून पडलो. सभेतय हसलो तेव्हाच पडलो. घरात पडता तोय हसतानाच. दारू प्यालेलो माणूस हसल्यार पडता काय?"

"तू गप रव."

पण आठवड्याभरात आईकडून होकार घेऊन तिनं भावाला पेडण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे विनोदिनी नावाच्या एक तरुण डॉक्टरीण नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनी गौरेशचं बोलणं ऐकलं, त्याला चालायला लावलं, पोट दाबून पाहिलं. मग पेन्सिल त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "मान हलवू नकोस. नुसत्या डोळ्यांनी पेन्सिलीकडे बघ." पेन्सिल डावीकडे गेली, डोळे गेले. उजवीकडे गेली, गेले. पेन्सिल खाली गेली. डोळे तिथेच राहिले. गौरेशनं खूप प्रयत्न केला, कपाळावर घाम आला, शेवटी त्यानं मानच खाली घातली. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तेच करून पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"लहानपणी कावीळ झाली होती का याला?"

सुविधाला ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला चंद्रावती आली, तिनं सांगितलं. जन्मल्यावर पोर बरेच दिवस पिवळं होतं. पोटही फुगलेलं असायचं. मग आपोआप बरं झालं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी बापाला बोलावून घेतलं.

"गावसकाका, हा दारू पीत नाही," त्या म्हणाल्या. "याची प्लीहा वाढलेली आहे, डोळे खाली जात नाहीत. नक्की काय आहे ते मला इथं सांगता येणार नाही. पणजीला न्या. मी चिठ्ठी देते."

दवाखान्याच्या बाकावर गौरेश बसला होता. त्याच्या शेजारी जागा असून ते उभेच राहिले.

पणजीच्या मोठ्या इस्पितळात त्याला ठेवून घेतलं. कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज काढला. तपासणीसाठी नमुने मुंबईला गेले. उत्तर यायला वेळ लागला. ते आलं तेव्हा गोवा घटकराज्य झाला होता, पणजीत अजून कमानी उभ्या होत्या आणि पताका लोंबत होत्या. त्यांच्याखालून बापलेक इस्पितळात गेले. सुविधाही बरोबर होती.

तिथले मोठे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, नीमन-पिक. शिवदासांना ते उच्चारताही येईना. मग डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं आणि सोप्या शब्दांत सांगू लागले.

"आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत छोट्या पिशव्या असतात. वापरून झालेलं, जुनं झालेलं जे काही असेल ते त्या पिशवीत जातं, तिथं त्याचे तुकडे होतात आणि कामाचं ते परत बाहेर येतं. तुमच्या मुलाच्या पिशव्यांत चरबीसारखा पदार्थ आत जातो, पण बाहेर येत नाही. साठत जातो. जन्मापासून साठतोय. यकृत, प्लीहा ते सोसतात. मेंदूच्या पेशींना सोसत नाही. त्या आधी बिघडतात आणि मग मरतात."

"पण साहेब," शिवदास म्हणाले, "ह्याचं चालणं, बोलणं... दारू प्यालेल्यासारखं..."

"मेंदूच्या मागच्या बाजूला एक भाग आहे. तोल सांभाळणं, जीभ नीट वळवणं त्याच्याकडे असतं. दारू चढते ती त्याच भागावर. ह्याचा आजारही तोच भाग खातो. म्हणून दिसायला दोन्ही सारखंच. फरक एवढाच, दारू उतरते."

"आणि हसल्यावर पडतो ते?" सुविधानं विचारलं.

"तेही ह्याच आजारात होतं. हसण्याबरोबर अंगातलं बळ अचानक जातं. शुद्ध जात नाही. आजूबाजूला काय चाललंय ते त्याला सगळं समजत असतं."

शिवदासांनी खिडकीबाहेर पाहिलं. देवळातल्या फरशीवरून आपल्याकडे पाहणारे डोळे त्यांना दिसले. सगळं समजत होतं त्याला.

औषध नव्हतं. डॉक्टरांनी ते लपवलं नाही. पुढे गिळणं कठीण होईल, मग आठवण जाईल, समज जाईल. किती वर्षांत, ते सांगता येत नाही. आजार आईबापांकडून येतो. दोघांच्याही अंगात तो दडलेला असावा लागतो. दोघांना स्वतःला काही होत नाही, पण मुलाला दोघांकडूनही मिळाला तर मूल आजारी पडतं. डॉक्टरांनी सुविधाचेही डोळे पाहिले, पोट पाहिलं. सध्या हिला काही दिसत नाही, ते म्हणाले, पण लेखी हमी देता येत नाही.

परतीच्या बसमध्ये गौरेश खिडकीशी बसला. म्हापसा मागे पडल्यावर तो म्हणाला, "बाबा, आता तरी पटलां मा?"

"व्हय," शिवदास म्हणाले. पुढे आणखी काही म्हणायला हवं होतं. पण तेवढ्यात पेडण्याचे दोन ओळखीचे लोक बसमध्ये चढले आणि शिवदासांनी मान वळवली.

घरी चंद्रावतीनं सगळं ऐकून घेतलं. ती रडली, पण थोडाच वेळ. मग तिनं दार लावून घेतलं.

"ह्यां भायर सांगूचां नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सुविधाक स्थळ बगतांव आमी. दारुड्याच्या भयणीचां लगीन जाता. गावात चारजणांची झालेली आसत. पण रगतातलां दुखणां म्हटलां, आवय-बापाशीकडसून येता म्हटलां, तर तिच्याकडे कोण बगतलो?"

"आणि ह्या पोराक लोकांनी जन्मभर दारुडो म्हणूक जाय?"

"आता म्हणतत तां काय कमी आसा?" चंद्रावतीचा आवाज फुटला. "तेचां काय व्हावचां तां जातलांच. हिचां तरी..."

गौरेश आतल्या खोलीच्या दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. चौकटीला धरून तो म्हणाला, "माका चलता, आई."

त्याला ते तीन शब्द बोलायला किती कष्ट पडले ते शिवदासांनी पाहिलं. त्यांना वाटलं, आपण आता नाही म्हणावं. बाप आपण आहोत. पण आत कुठेतरी त्यांना सुटल्यासारखंही वाटलं होतं. गावाला काही सांगावं लागणार नव्हतं. देवळातल्या माणसांसमोर उभं राहून माझा मुलगा खरं बोलत होता आणि मी त्याला फरशीवर टाकून गेलो, असं म्हणावं लागणार नव्हतं. ते सुटल्यासारखं वाटणं त्यांनी ओळखलं, आणि त्याची लाज वाटूनही ते गप्प राहिले.

तुळशीचं लग्न झालं आणि डिचोलीहून गोकुळदास नाईक मुलीला बघायला आले. त्यांचा मुलगा दत्ताराम खाणीच्या कचेरीत नोकरीला होता. माणसं साधी, बोलायला मोकळी. सुविधा त्यांना आवडली. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, चहा झाला. मग गोकुळदासांनी जरा पुढे सरकून आवाज खाली केला.

"शिवदासबाब, राग मानू नका. तुमच्या मुलाबद्दल कानावर आलंय. विचारलेलं बरं, म्हणून विचारतो."

गौरेश मधल्या दाराच्या पलीकडे खुर्चीवर बसला होता. पाहुण्यांसमोर त्यानं येऊ नये असं ठरलं होतं. दार अर्धं उघडं होतं. शिवदासांना त्याचा गुडघा आणि गुडघ्यावर ठेवलेला हात दिसत होता.

"व्हय," शिवदास म्हणाले. "जरासो घेता."

गोकुळदास समजुतीनं हसले. "आमच्याकडे तरी कोण सोवळे? खाणीवर तर विचारूच नका. लग्न झालं की सुधारतात."

"सुधारतलो," शिवदास म्हणाले.

गुडघ्यावरचा हात हलला नाही. सभेनंतर शिवदासांनी मुलाला खोटारडा ठरवलं होतं ते आजार माहीत नसताना. आता सगळं माहीत असताना, त्याच्या कानांदेखत, त्यांनी त्याच्यावर तोच आळ घातला होता. आणि पाहुणे गेल्यावर घरात सगळे आनंदात होते. चंद्रावतीनं देवापुढे साखर ठेवली. गौरेशनंही बहिणीला काहीतरी चिडवलं, ते काय हे कुणाला नीट कळलं नाही, पण ती हसली.

त्या दिवसापासून शिवदासांना मुलाच्या तोंडाकडे बघता येईना. तो जेवायला बसला की ते उठून अंगणात जात. गौरेश त्यांच्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. तो पूर्वीसारखाच "बाबा" म्हणून हाक मारी, हल्ली ती 'वावा' अशी ऐकू येई. एकदा अंगणात भिकाजी येऊन त्याला म्हणाला, "काय रे, आज खंयची घेतलंस?" आणि गौरेशनं शिवदासांकडे एकवार बघून उत्तर दिलं, "आमचीच." भिकाजी खूश होऊन हसला. शिवदास घरात गेले आणि कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत.

लग्नाचा मुहूर्त काढायला माणूस येणार त्याच्या आधल्या दिवशी शिवदासांनी घरात काही न सांगता दोडामार्गावरून डिचोलीची बस पकडली. गोकुळदासांच्या घराच्या पायरीवर खाणीची तांबडी धूळ होती. व्याही आले म्हणून घरात धावपळ झाली. शिवदासांनी पाणीही घेतलं नाही.

"मी खोटं बोललो तुमच्याकडे," ते म्हणाले. "माझा मुलगा घेत नाही. कधीच घेतली नाही त्यानं. त्याला मेंदूचा आजार आहे. आमच्या दोघांकडूनच गेलाय त्याला. मुलीला तपासलं, तिला काही दिसत नाही, पण डॉक्टर हमी देत नाहीत."

पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना जेवढं आठवत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. पिशव्या, साठणारी चरबी, मरणाऱ्या पेशी. सांगताना त्यांना हलकं वाटत होतं.

"दारूचं आम्ही पोटात घातलं होतं," गोकुळदास म्हणाले. "हे कसं घालू? उद्या नातवंडांना झालं तर?"

"तुमचं खरं आहे."

"तुम्ही सांगितलंत, उपकार झाले. पण आता..." त्यांनी हात जोडले.

घरी येऊन शिवदासांनी सगळं सांगितलं. शिवदासांना वाटलं होतं, सुविधा तरी समजून घेईल. दवाखान्यात भावाला तीच घेऊन गेली होती, भावाच्या बाजूनं तीच बोलली होती.

"माका विचारलात?" ती म्हणाली.

"बाय, खरां सांगूक जाय होतां."

"सांगूक जाय होतां तर मी सांगलां असतां. दत्तारामाक मी सांगणार होतंय, मुहूर्त काढूच्या आदी. त्याका भेटान, समजावन. माजां लगीन तां." ती रडत नव्हती. "दादाक दारुडो म्हणताना तेका विचारलात नाय, आणि आज खरां सांगताना माका. तुमका सोसना नाय म्हणून तुमी गेलात. आमच्यासाटी नाय."

ती म्हणाली ते अक्षरशः तसंच होतं. डिचोलीला आपल्याला किती हलकं वाटलं ते त्यांना आठवलं आणि त्या हलकेपणाचीच त्यांना शिसारी आली.

बातमी डिचोलीहून परत यायला वेळ लागला नाही. येताना ती बदलून आली. गावसांच्या रक्तात खोट आहे, शेजारी बसल्यानंही लागते, असं कुणी कुणी म्हणू लागलं. जी पोरं गौरेशच्या मागून झोकांड्या देत चालायची ती आता त्याला बघून वाट बदलू लागली. चंद्रावती म्हणाली होती ते खरं ठरलं. दारुड्याला निदान लोक हाक तरी मारत होते. भिकाजी एकदा येऊन ओसरीच्या टोकाशी उभा राहिला. "माका म्हायत नसलां," एवढं म्हणाला आणि केळ्यांचा घड ठेवून गेला. शिवदासांनी त्याला बसा म्हटलं नाही. त्याला बसवायला आपल्याला काय तोंड आहे, असं त्यांना वाटलं.

सुविधा परिचारिकेच्या शिक्षणासाठी पणजीला गेली. सुटीत यायची ती भावासाठी. बापाशी कामापुरतं बोलायची.

वर्षं गेली तसा गौरेश घटत गेला. आधी चालणं गेलं. मग पाणी प्यायलं की ठसका लागू लागला, पातळ काही चालेना. पेज घोटून घट्ट करून भरवावी लागे, आणि ते काम शिवदासांनी आपल्याकडे घेतलं. दिवसातून अनेकदा ते त्याच्यासमोर बसत. रोज त्यांना वाटे, आज बोलावं. थोबाडीत मारली ते, देवळात टाकून गेलो ते, आणि पाहुण्यांसमोर बोललो ते. तीन गोष्टी. रोज ते पुढल्या दिवसावर ढकलत. गौरेश ऐकून घेईल याची त्यांना खात्री होती, आणि तो ऐकून घेईल हीच त्यांना भीती होती.

एकदा सुविधा आलेली असताना गौरेशनं तिच्याकडे बघून विचारलं, "ही कोण?" ती हसून म्हणाली, "मी रे, सुविधा." त्यानं मान डोलावली, पण त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिनं बाहेर येऊन बापाला सांगितलं, "आता समज चलली बाबा. हळूहळू जातली." डॉक्टर पूर्वी म्हणाले होते तेच. पण तो दिवस अजून लांब आहे, असं शिवदासांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, ते पेजेची वाटी घेऊन त्याच्यासमोर बसले. "बाबू," ते म्हणाले, "मी तुका मारलां. सभेच्या दिवशी. तू पिऊक नव्हतंस. माका वास येवक नव्हतो. माका कळलेलां, तरी मारलां."

गौरेश त्यांच्याकडे बघत होता. डोळे खाली येत नव्हते, म्हणून तो त्यांच्या कपाळाच्या वर कुठेतरी बघतोय असं वाटत होतं. शिवदास थांबले. देवळातलं आणि पाहुण्यांसमोरचं अजून राहिलं होतं. ते सगळ्यात जड होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"भू... भूक," गौरेश म्हणाला.

त्याला काही कळलं होतं की नाही, कळूनच तो तसं म्हणाला की नाही, हे शिवदासांना कधीच ठरवता आलं नाही. त्यांनी चमचा भरला, त्याची हनुवटी धरली आणि भरवू लागले. उरलेलं त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतरही बरेच महिने गौरेश जगला, रोज वाटी समोर असे, पण ज्याला सांगायचं तो तिथे आहे की नाही याची आता खात्री नव्हती. नसलेल्याला सांगणं म्हणजे पुन्हा आपलंच मन हलकं करणं, असं त्यांना वाटे.

गौरेश अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. गावातली माणसं आली, खांदा द्यायलाही आली. तेराव्याला जेवणं झाल्यावर कुणीतरी हळहळत म्हणालं, पोरगा भाषण छान करायचा. शिवदास अंगणात पत्रावळी उचलत होते. त्यांनी हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या. "तो कदीच घेयत नसलो," ते म्हणाले. माणसांनी चमकून पाहिलं. एकजण म्हणाला, "म्हायत आसा, शिवदासबाब. सगळ्यांक म्हायत आसा आता."

सुविधा आतून आली, तिनं बापाकडे पाहिलं आणि खाली वाकून उरलेल्या पत्रावळी गोळा करायला लागली.